स्केल्डबीच्या नऊ बहिणी

स्केल्डबीत कुणाही वैमानिकाची बायको राहत नव्हती. शेतकऱ्यांच्या राहत होत्या, खाटकाची राहत होती, पाद्रीबाबांची तर गावातल्या प्रत्येक घरात थोडी थोडी राहत होती. पण गावाला खेटून ब्रिटिश हवाई दलाचा जो विमानतळ झाला होता, तिथल्या उडणाऱ्या पोरांपैकी एकाचीही नाही. तसा हुकूमच होता. तळाचे मोठे साहेब, म्हणजे ग्रुप कॅप्टन, यांचं ठाम मत होतं की बायको जवळ असली की माणसाचं लक्ष पुढच्या बॉम्बपेक्षा मागच्या घराकडे जास्त राहतं. म्हणून उडणाऱ्यांच्या बायकांनी तळापासून चाळीस मैलांच्या आत राहायचं नाही. साहेबांची स्वतःची पत्नी तळावरच, बंगल्यात राहायची. पण साहेब स्वतः उडत नसल्यामुळे त्यांचं लक्ष कुठेही गेलं तरी चालण्यासारखं होतं.

तर बायका नव्हत्या. बहिणी मात्र होत्या. १९४३ च्या त्या हिवाळ्यात स्केल्डबीत एकूण नऊ बहिणी मुक्कामाला होत्या. कुणी खाटकाच्या माडीवर, कुणी शाळामास्तरांच्या मागच्या खोलीत. चौघींच्या कडेवर मुलं होती, नोरा नावाची एक आठव्या महिन्यात होती, आणि नऊही जणींचे नवरे म्हणे आरमारात, लांब कुठेतरी समुद्रावर होते. ‘एवढ्या सगळ्यांना बसायला बोटी तरी आहेत का गं आपल्याकडे?’ असं पोस्टातल्या बाईंनी एकदा विचारलं होतं. विचारलं, आणि लगेच तिकिटं चाटायला घेतली.

हेस्टर पेंडल ही त्या नऊतली एक. गावात तिचं नाव मिसेस बेल. माहेरचं आडनाव तिने पुन्हा बाहेर काढलं होतं. कॉलेजात तिने इतिहास घेतला होता. जुन्या राण्यांनी कुठे कुठे खोटी नावं लावून दिवस काढले हे तिला पाठ होतं, पण त्यातल्या एकीलाही कडेवर आठ महिन्यांचं दात येणारं मूल घेऊन ते करावं लागलं नव्हतं. मुलीचं नाव पॉली. पॉली रात्री दोनदा खोकली की हेस्टर उठून बसायची, तीनदा खोकली की दिवा लावायची, आणि अजिबात खोकली नाही तर नाकाजवळ हात धरून बघायची.

तिचा नवरा लायनेल ‘क्वीनी’ नावाच्या बॉम्बरवर नेव्हिगेटर होता. अंधारात नकाशा, घड्याळ आणि पेन्सिल एवढ्यावर सात माणसांना जर्मनीपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, हे त्याचं काम. घरात त्याला साखरेचा डबा सापडत नसे. सरकारी कागदांत त्याची पत्नी मिसेस एच. पेंडल ही लीड्सला, सासूबाईंपाशी राहत होती, आणि तळाच्या फाटकावरच्या रजिस्टरात ‘गावात बहीण: मिसेस बेल’ अशी नोंद होती. दोन्ही नोंदी त्याने एकाच पेनाने केल्या होत्या.

हे सगळं किती नाजूक आहे ते गेल्याच महिन्यात कळलं होतं. तेव्हा बहिणी दहा होत्या. रविवारी चर्चमधून निघताना विमानातली बंदूक सांभाळणाऱ्या एका गनरने सवयीने आपल्या बहिणीच्या कोटाची कॉलर नीट केली, आणि ते साहेबांच्या पत्नीने पाहिलं. भाऊ बहिणीची कॉलर नीट करत नाही, हे त्यांना चार भाऊ असल्यामुळे ठाऊक होतं. चोवीस तासांत ती मुलगी चाळीस मैलांपलीकडे गेली, गनरची दुसऱ्या तळावर बदली झाली, आणि त्याच्या जागी परका माणूस बसवला. ते विमान पुढे दहा दिवसही टिकलं नाही. सातांतला एक बदलला की विमान जातं, अशी त्या पोरांची पक्की समजूत होती. जर्मन तोफांनाही ती पोरं एवढी घाबरत नसत. साहेबांनी त्या योगायोगाची चौकशी लावली आणि कॉलरींवर बारीक लक्ष ठेवायला सांगितलं.

मोहीम कुठल्या रात्री आहे ही तळावरची सर्वांत गुप्त गोष्ट. त्या दिवशी फाटक बंद व्हायचं, टेलिफोन कापला जायचा, भिंतींवर ‘तोंड सांभाळा’ असे कागद होतेच. पण उडायच्या आधी, आणि परत आल्यावर, प्रत्येक पोराला एक अंडं द्यायची पद्धत होती, तेव्हा गावात माणशी आठवड्याला एक अंडं मिळत होतं, आणि तळाला कमी पडलेली अंडी मिसेस क्रॅबट्रीच्या कोंबड्यांकडून जात. हेस्टर याच विधवाबाईच्या घरी भाड्याने राहायची.

मंगळवारी दुपारी मिसेस क्रॅबट्री रिकामी टोपली घेऊन आत आली. “पोरी, आज सगळी नेली. फुटकंसुद्धा सोडलं नाही. लांबचं दिसतंय.”

“किती लांबचं?”

“ते कोंबड्यांना विचार. त्यांना माझ्याआधी कळतं.”

फाटक बंद व्हायच्या आत लायनेल सायकलवरून वीस मिनिटांसाठी येऊन गेला. बहिणीकडे धुणं टाकायला. पॉलीच्या पायातला एक निळा लोकरी मोजा काढून त्याने खिशात ठेवला. दर खेपेला न्यायचा, दर खेपेला आणून घालायचा. दुसरा मोजा पॉलीच्या पायातच राहायचा, आणि त्या रात्री तो कितीही ओला झाला तरी हेस्टर बदलायची नाही. शिकलेली बाई, पण त्या एका मोज्यापुढे तिचं शिक्षण चालत नसे.

“मागचा गनर मघाशी म्हणतो, तू नाही आलास तर तुझं उद्याचं अंडं मी खाऊ का?” लायनेल हसत सांगत होता.

“तो तुझ्याच विमानात असतो ना?”

“तेच म्हटलं त्याला. म्हणतो, मी मागे बसतो, मला कळायला उशीर होईल.”

“गप बस रे.”

“बहिणीने भावाशी असं बोलू नये,” तो म्हणाला, आणि दाराशी वाकून तिच्या कॉलरला बोट लावता लावता थांबला. रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी थांबला.

संध्याकाळी अठरा विमानं गेली. सगळी गावाच्या छपरांवरून, भांडी हलवत. पहाटे ती परत यायला लागली तेव्हा हेस्टर पॉलीला छातीशी धरून मोजत बसली. सोळाव्यानंतर बराच वेळ गेला. मग सतरावं, एक इंजिन बंद असलेलं, ठेचकाळत आलं. ते ‘क्वीनी’ नव्हतं. ‘क्वीनी’च्या चौथ्या इंजिनाला दमेकऱ्यासारखी एक खरखर होती, ती तिला झोपेतही ओळखू यायची. उजाडलं, कोंबड्या बोलायला लागल्या, पॉलीने दोनदा दूध ओकलं, आणि आकडा सतरावरच राहिला.

सकाळी रेडिओवर सांगितलं की काल रात्रीची मोहीम यशस्वी झाली, आपलं नुकसान किरकोळ.

“किरकोळ!” मिसेस क्रॅबट्रीने रेडिओचं बटण असं पिळलं, जशी काही कोंबडीची मान असावी. “याच्या आईला बसवा म्हणावं त्या विमानात. मग सांग म्हणावं किरकोळ.”

तळावर निरवानिरव समिती नावाची एक गोष्ट होती. विमान परत आलं नाही की त्यातल्या पोरांचं सामान दुपारच्या आत आवरायचं, म्हणजे संध्याकाळी नव्या सात जणांना त्याच खाटांवर झोपवता येतं, आणि उरलेल्यांच्या मनावर परिणाम होत नाही. समिती म्हणजे एकटे फ्लाइट लेफ्टनंट टिपलडी आणि पेट्या उचलायला एक शिपाई. टिपलडी युद्धाआधी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. पन्नाशीचा, मऊ स्वभावाचा, सतत सर्दी झालेला माणूस. सामान घरी पाठवण्यापूर्वी त्यातलं प्रत्येक पत्र वाचायचं, आणि आई किंवा पत्नी यांच्या मनाला क्लेश होईल असं जे काही सापडेल ते काढून जाळायचं, असा नियम होता. पंधरा महिन्यांत टिपलडींनी एवढी प्रेमपत्रं वाचली होती की लग्न न करताही त्यांना संसाराचा कंटाळा आला होता.

हेस्टरला हे ठाऊक होतं. लायनेलनेच सांगितलं होतं. आणि आणखी एक सांगितलं होतं: कपाटात, नकाशांच्या खाली, त्याने तिच्यासाठी एक पत्र लिहून ठेवलं आहे. परत आलो नाही तर वाचायचं. सगळेच ठेवतात. तेव्हा तिने कानांवर हात ठेवले होते. आता दिवसभर तिच्या मनात तेवढंच एक घुमत होतं. तो कुठे पडला, कसा पडला, हवाई छत्री उघडली का, हे तिला कुणीच सांगू शकणार नव्हतं. पण तो जे शेवटचं तिच्याशी बोलला ते अर्ध्या मैलावर एका लाकडी कपाटात होतं, आणि तिला ते हवं होतं.

बायको म्हणून मागायला गेलं तर मिळालं असतं. फाटकावर जाऊन एक वाक्य बोलायचं. मात्र ते वाक्य बोलल्यावर साहेबांनी दुसऱ्या दिवशी उरलेल्या आठ बहिणींच्या लग्नाचे दाखले तपासले असते, आणि आठ विमानांत आठ परके बसले असते.

बहिणींनाही ते ठाऊक होतं. बुधवारभर त्या एकेक करून आल्या. एकीने अर्धा कांदा आणला, एकीने लोकर, एकीने जामची बाटली. कुणी काही मागितलं नाही. नोरा सर्वांत शेवटी आली, पोटावर हात ठेवून दारातच उभी राहिली. तिचा नवरा ‘क्वीनी’च्या शेजारच्या विमानावर रेडिओ सांभाळायचा.

“बस ना,” हेस्टर म्हणाली.

“बसले तर उठवत नाही गं.” नोराने पॉलीच्या एका मोज्याकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. “मी रडते म्हणजे बघ. तू रडायचंस, आणि मीच...”

“रड तू. मला नंतर रडायचंय.”

गुरुवारी लीड्सहून तार आली. सरकारी तार सासूबाईंच्या हातात पडली होती. सासूबाई कडक, पण हुशार. त्यांनी पुढे तार केली ती अशी: ‘मिसेस बेल, स्केल्डबी. तुझा भाऊ बेपत्ता. धीर धर. आई.’ लग्नाला दोन वर्षं होऊनही ज्या बाईने हेस्टरला एकदाही नावाने हाक मारली नव्हती, तिने एका तारेत तिला आपली मुलगी करून टाकलं होतं.

शुक्रवारी दुपारी टिपलडी सायकल हातात धरून दारात आले. टोपी काढली, नाक पुसलं, टोपी घातली, पुन्हा काढली.

“मिसेस बेल? मी जरा नाजूक कामासाठी आलोय. आपल्या... भावासंबंधी.” ‘भावा’वर त्यांना खोकला आला.

हेस्टरने त्यांना खुर्ची दिली. पॉली तिच्या मांडीवर होती. मिसेस क्रॅबट्री स्वयंपाकघरात गेली आणि तिथून कसलाही आवाज येईना, यावरून ती किती कान देऊन ऐकते आहे ते कळत होतं.

“आपली पत्रं मी वाचली,” टिपलडी म्हणाले. “वाचावीच लागतात, नियम आहे. एकेचाळीस आहेत. फाटकावर लिहिलंय बहीण. मी पहिलं पत्र उघडलं, आणि मिसेस बेल, खरं सांगतो, मला अर्धं वाचून बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.”

“बरं मग?”

“मग चहा घेतला. दोन कप. आणि दुसऱ्या कपाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण त्यांची बहीण नाहीच!” त्यांचा चेहरा आठवणीनेही उजळला. “देवाचे आभार मानले मी. म्हटलं, नुसतंच लफडं आहे.”

स्वयंपाकघरात झाकण पडलं आणि बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं.

हेस्टरने पॉलीच्या डोक्यावर हनुवटी टेकली. हसू येतंय की हंबरडा, हे तिला त्या क्षणी खरंच कळेना. दोन्ही एकाच वाटेने वर येत होते.

“मी न्यायनिवाडा करायला आलेलो नाही,” टिपलडी घाईने म्हणाले. “आपले पती समुद्रावर. युद्ध आहे. माणसं चुकतात. पण त्या बिचारीचा विचार करा. लीड्सच्या.”

“कुणाचा?”

“त्यांच्या पत्नीचा. सासूपाशी बसून वाट बघत असेल.”

“असेल,” हेस्टर म्हणाली. “कशी असेल हो ती? तुम्हाला काय वाटतं?”

टिपलडींनी विचार केला. या प्रश्नाचा त्यांनी पुष्कळ विचार केलेला दिसत होता. “साधी असावी. सरळ. फारशी शिकलेली नसावी.”

“का बरं?”

“कारण सामानात तिचं एकही पत्र नाही. एकही! अशा बायका लिहीत नाहीत. मनातल्या मनात सोसतात.” त्यांनी नाक पुसलं. “आणि आपण... पंधरा महिने मी हे काम करतोय, पण असं लिहिणारं माणूस पाहिलं नाही. आपण तारीख टाकत नाही. वार लिहिता, आणि पुढे ‘बहुतेक’. ‘गुरुवार, बहुतेक.’ ‘सोमवार, बहुतेक.’ मला तर पुढचं पत्र उघडताना...” कानाच्या पाळ्या लाल करून ते थांबले.

“मूल रात्रभर जागवतं. वार कळत नाही,” हेस्टर म्हणाली. “कुठे आहेत ती पत्रं?”

“सकाळीच जाळली. मी स्वतः. शिपायाला हात लावू दिला नाही.”

एकेचाळीस. पॉलीचा पहिला दात, पॉलीचं पालथं पडणं, छपरावरचं बर्फ, सगळं त्यांत होतं. लायनेल अर्ध्या मैलावर असून ती लिहायची, आणि अंडीवाल्या टोपलीतून मिसेस क्रॅबट्री ती पोचवायची. पत्नीच्या मनाला क्लेश नकोत म्हणून पत्नीचीच पत्रं शेगडीत गेली होती. तिने पॉलीला इतकं घट्ट धरलं की पॉली कुरकुरली.

“आणि त्याचं?”

“त्यांचं काय?”

“सगळेच एक लिहून ठेवतात ना.”

टिपलडींचा हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. “आहे. पाकिटावर नाव नाही, पत्ता नाही. नुसतं ‘चिचुंद्रीस’ असं लिहिलंय. कागदोपत्री त्यांना चिचुंद्री नावाची कुणीही नातलग नाही.”

“वाचलंत?”

“नाही.” ते खिडकीकडे बघत म्हणाले. “फोडायचा नियम आहे. पण ती शेवटची पत्रं मी फोडत नाही. साहेबांना सांगू नका.”

खिडकीबाहेर, अंगणाच्या फाटकाशी, नोरा उभी होती. टिपलडींच्या सायकलकडे बघत, एक हात कमरेवर, एक पोटावर. त्या सायकलचा अर्थ गावात सगळ्यांना कळत होता. हेस्टरच्या जिभेवर वाक्य तयार होतं: अहो, लीड्सची ती मीच. चार शब्द. हा मऊ माणूस घाबरून साहेबांकडे जाईल, कारण कागद चुकला की भूगोलाच्या मास्तरांना झोप लागत नाही. मग नोरा बर्फातून स्टेशनवर जाईल. आणि तिचा नवरा...

“चिचुंद्री मी,” ती म्हणाली. “कॉलेजच्या वाचनालयात मी पेन्सिलींची टोकं चावत बसायचे. तो समोर बसायचा.”

“ते मी ओळखलंच. ज्याचं पत्र त्याला मिळावं, असं माझं मत आहे. पण मला एक कागद लागेल.” टिपलडींनी तो टाइप करूनच आणला होता. “वाचून दाखवतो. ‘मी, मिसेस बेल, लिहून देते की सार्जंट एल. पेंडल यांची मी कायदेशीर पत्नी नाही, त्यांच्या नावावर माझा कसलाही हक्क नाही, आणि त्यांच्या पत्नीला मी यापुढे कधीही भेटणार नाही, लिहिणार नाही, वा तिच्या घरी जाणार नाही.’”

“कधीही भेटणार नाही?”

“कृपा करून.”

“कठीण आहे हो.”

“मला कल्पना आहे. पण थोडा तिचा विचार करा.”

“तिचाच करतेय,” हेस्टर म्हणाली, आणि तिने सही केली.

पाकीट हातात आलं. चहाचा गोल डाग पडलेलं, साधं. टिपलडी उठले, आणि त्यांची नजर पॉलीवर गेली. पॉलीला लायनेलचं नाक होतं, टोकाला किंचित डावीकडे वळलेलं. ते सज्जनपणे खाली बघायला लागले, तर तिथे तिचे पाय. मग ते खुर्चीखाली वाकले, टेबलाखाली बघू लागले.

“एक मोजा पडला वाटतं कुठे.”

“हो,” हेस्टर म्हणाली. “पडला.”

ते गेल्यावर मिसेस क्रॅबट्री बाहेर आली. डोळे लाल, हातात झाकण. “सहा महिने माझ्या घरात लफडं चाललंय,” ती म्हणाली, “आणि मलाच शेवटी कळतंय! ये, बस. चहा टाकते. फोड ते.”

पत्राची सुरुवात अशी होती: ‘चिचुंद्री, तू हे वाचते आहेस त्या अर्थी दोन गोष्टी झाल्या. एक, मी रस्ता चुकलो. दोन, तू स्केल्डबीत राहतेस हे या लोकांनी एकदाचं मान्य केलं. पहिलीची मला थोडी भीती होती. दुसरी कधी होईल असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं.’ पुढे दीड पान होतं. ते तिच्यापाशीच राहू दे.

सरकारी कागदांतली पत्नी लीड्सला असल्यामुळे डिसेंबरात हेस्टरला तिथे जाऊन ती व्हावं लागलं. आठही बहिणी स्टेशनवर आल्या. मिसेस क्रॅबट्रीने सहा अंडी दिली, त्या दिवशी तळाने नेली नव्हती म्हणून.

जानेवारीत लायनेलची पेटी आली. सासूबाईंनी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि यादी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचली. ‘शर्ट चार. दाढीचा ब्रश एक. भूमितीची पेटी एक. पेन्सिली सहा, टोकं कुरतडलेली, उंदीर असावेत.’ हेस्टरने त्या सहा पेन्सिली उचलल्या आणि ती स्वयंपाकघरात गेली.

सोबत टिपलडींचं पत्र होतं. ‘प्रिय मिसेस पेंडल, आपल्या पतींचं इथलं आयुष्य अत्यंत निर्मळ होतं. त्यांच्या सामानात आपल्या मनाला लागेल असं काहीही आढळलं नाही. त्यांच्या बोलण्यात सतत आपलाच विषय असे.’

“बघ,” सासूबाई म्हणाल्या. “माझा मुलगा कसा होता ते परक्या माणसालाही दिसलं.” मग हाताशी रुमाल नसल्यामुळे त्यांनी टेबलक्लॉथच्या कोपऱ्याने डोळे टिपले. “तू काय दारात उभी आहेस, हेस्टर. ये इकडे.”

पेटी मिळाल्याची पावती होती. पत्नीने स्वहस्ते भरून फ्लाइट लेफ्टनंट टिपलडी यांच्याकडे परत पाठवायची. हेस्टरचं डोकं लगेच जागं झालं. त्या माणसाने तिची एकेचाळीस पत्रं वाचली होती, वर तिची सही समोर बसून घेतली होती. अक्षर बघताच तो ओळखणार. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. म्हणून हेस्टरने पेन डाव्या हातात धरलं, जीभ दातांत धरली, आणि एकेक अक्षर, लहान मूल काढतं तसं, काढलं. नाव. पत्ता. वस्तू मिळाल्या. वार. सही. पंधरा मिनिटं लागली. अक्षर असं आलं की साधी, सरळ, फारशी न शिकलेली बाई म्हणून कुणीही मान हलवली असती.

पाकीट टपालात टाकून आली. दुसऱ्या दिवशी नोराला पत्र लिहायला बसली, कागदाच्या कोपऱ्यात वार लिहिला, आणि पेन तिथेच थांबलं.

‘गुरुवार, बहुतेक.’

पावतीवर काय लिहिलं होतं? अक्षरांचा आकार सांभाळण्यात सगळं लक्ष होतं. तिने डोळे मिटले आणि पावती डोळ्यांसमोर आणली. डाव्या हाताची लुळी अक्षरं, तारखेची जागा. बुधवार. आणि पुढे? पुढे जागा उरली होती. ती जागा तिने मोकळी सोडली असेल, अशी तिची तिलाच खात्री देता येईना. मग आठवलं. मोकळी सोडली नव्हती, ‘बहुतेक’ लिहिलं होतं.

पुढचे पाच दिवस तिने पोस्टमनच्या फेऱ्या मोजल्या. दिवसाला दोन. बूट दगडावर वाजायचे, पुढच्या दाराला जायचे, परत जायचे. नोरा कोणत्याही दिवशी बाळंत होईल. साहेब हातात पावती घेऊन उभे आहेत, शिपाई गावात दारोदार दाखले मागत फिरतोय, खाटकाच्या माडीवरून ट्रंका उतरताहेत, असं तिला पॉलीला भरवताना दिसायचं. सासूबाई म्हणाल्या, “खात का नाहीस?” ती म्हणाली, “दात येताहेत.” “तुला?” सासूबाईंनी विचारलं.

बुधवारी दुसऱ्या फेरीला सरकारी पाकीट आलं. हेस्टरने ते उभ्यानेच फोडलं. आत टाइप केलेल्या तीन ओळी होत्या. पावती पोचली. सही नियमानुसार आहे. सार्जंट पेंडल यांच्या सामानाची फाईल समितीने कायमची बंद केली असून ती यापुढे कुणालाही पाहायला मिळणार नाही. खाली टिपलडींची सही, रबरी शिक्का, सर्दीमुळे असेल, थोडा वाकडा पडलेला.

तारखेची जागा टाइप करायची राहून गेली होती. तिथे शाईने, हाताने, भूगोलाच्या मास्तरांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘सोमवार, बहुतेक.’